राज्यघटनेच्या अभ्यासासाठी ‘आन्की’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

राज्यघटनेचे पुस्तक मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा आठवडाभरात घटनादुरुस्त्यांचे क्रमांक एकमेकांत मिसळले, म्हणून ‘आन्की’ हे प्रश्नपत्त्यांचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले. जपानी भाषेत ‘आन्की’ म्हणजे पाठांतर. २००६ पासून उपलब्ध असलेले हे साधन संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर मोफत मिळते. आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. प्रश्न पाहून उत्तर मनाशी आठवायचे, पत्ता उलटायचा आणि ते कितपत सहज आठवले त्याप्रमाणे चारपैकी एक बटण दाबायचे. चुकलेला पत्ता त्याच बैठकीत परत येतो, पक्का झालेला महिन्या-दोन महिन्यांनी.

खरी मेहनत पत्ते तयार करण्यात आहे. माझा पहिला पत्ता होता ‘४२ वी घटनादुरुस्ती सांगा’ आणि मागे बारा ओळी. त्यांतल्या सात आठवल्या तर बटण कोणते दाबायचे, हेच कळेना. मग मी तो फोडला. ‘१९७६ मध्ये राज्यसूचीतून समवर्ती सूचीत किती विषय गेले?’ याचे उत्तर पाच (समवर्ती सूची म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांची यादी), आणि शिक्षण, वने वगैरे प्रत्येक विषयाला स्वतंत्र पत्ता. शेजारी ४४ व्या दुरुस्तीचे पत्ते ठेवले: मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ मध्ये वगळला गेला, आज तो कलम ३००-क मध्ये आहे. एका पत्त्यावर एकच गोष्ट, हा नियम पाळू लागल्यापासून या दोन दुरुस्त्यांची गल्लत थांबली.

तयार पत्त्यांचा एक फुकट संचही उतरवून पाहिला. त्यात मूलभूत कर्तव्ये दहाच होती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्याचा पत्ताच नव्हता.

सेटिंग्ज नवख्याला गोंधळात टाकतील इतक्या आहेत. रोजचे नवे पत्ते मुळात २० ठरवलेले असतात. मी हौसेने ५० केले आणि चुलत बहिणीच्या लग्नात चार दिवस मोडल्यावर सहाशेहून अधिक पत्ते तुंबले. आता दहावरच थांबतो.

केशवानंद भारती खटल्याचा निकाल १९७३ चा, न्यायाधीश तेरा, बहुमत सात विरुद्ध सहा, एवढे पत्त्यांवर चोख बसते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा का पडली, याचे वर्णनात्मक उत्तर मात्र त्यातून घडत नाही; त्यासाठी रविवारी फोन बाजूला ठेवून मी दोन पाने हाताने लिहितो.