वेरूळच्या कैलास लेण्याची ‘रहस्य’ फेरी: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्यापाशी हल्ली दोन प्रकारची माहिती मिळते. एक नेहमीची: राष्ट्रकूट, कृष्णराजा, कैलास हलवणारा रावण, चला पुढे. दुसरी ‘रहस्य’वाली: हे माणसाचं काम नव्हे, प्रलयाआधीच्या कुठल्याशा प्रगत संस्कृतीकडे दगडाची वाफ करणारं ‘भौमास्त्र’ होतं, लेण्याखाली शहर आहे आणि तिथे जायच्या वाटा मुद्दाम बंद केल्या आहेत. हा अभिप्राय या दुसऱ्या फेरीबद्दल आहे. लेण्याला पाचपैकी पाच. फेरीला दोन, आणि तेही डोंगरावर नेऊन लेणं वरून दाखवतात म्हणून.

वरून पाहणं खरंच चुकवू नये. खालच्या चौकात उभं राहिलं की मंदिर ‘बांधलेलं’ वाटतं; वरून दिसतं की आधी डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला कातळ सुटा केला आणि मग शिखरापासून खाली कोरत आले. या क्रमामुळे परांची लागत नाही. पाथरवट अजून न फोडलेल्या कातळावरच उभा असतो आणि काम खाली जाईल तसा तोही खाली जातो. फोडलेला दगड पश्चिमेला उताराकडे ढकलायचा. धोका एकच, पण मोठा: तुटलं ते परत लावता येत नाही. कातळात भेग निघाली तर आराखडा तिच्याप्रमाणे वळवायचा. मंदिराचा वरचा मजला आणि भोवतीच्या ओवऱ्या जोडणारे दगडी पूल पडून गेले आहेत. अस्त्राने दगडाची वाफ करून घडवलेल्या कामाची ही लक्षणं नव्हेत.

फेरीतलं मुख्य भांडवल म्हणजे एक हिशोब. 4 लाख टन दगड, 18 वर्षं, रोज 12 तास, म्हणजे ताशी 5 टन; कसं शक्य आहे? ऐकणारा गप्प होतो, कारण 5 टन म्हणजे किती हे डोळ्यांसमोर येत नाही. तर ते असं. कैलासाचा काळा दगड घनफुटाला साधारण 80 किलो भरतो. ताशी 5 टन म्हणजे दिवसाला 60 टन, म्हणजे 750 घनफूट. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी एका माणसाचं दिवसाचं फोडकाम सुमारे 4 घनफूट धरलं होतं. 750 भागिले 4, म्हणजे 187-188 माणसं. रहस्यवाल्यांचेच आकडे घेतले तरी दोनशेसुद्धा पाथरवट लागत नाहीत, आणि खोदाईची जागा 276 फूट लांब, 154 फूट रुंद आहे. एवढी माणसं तिथे मोकळेपणाने मावतात.

शिवाय 4 लाख टन हा आकडाच फुगवलेला आहे. मागची भिंत 107 फूट उंच. तीच उंची सगळीकडे धरून पूर्ण चौकोनी खड्डा मोजला तरी साडेपंचेचाळीस लाख घनफूट, म्हणजे सुमारे 3 लाख 64 हजार टन. प्रत्यक्षात डोंगर पुढे उतरता आहे आणि मधे अख्खं मंदिर उभं आहे. ओवऱ्या आणि बाजूच्या कड्यातलं लंकेश्वराचं लेणं यांची खोदाई मिळवूनही सढळ हाताने 30 लाख घनफूट धरता येईल. 250 माणसांना ते 3000 दिवस, म्हणजे आठ-सव्वाआठ वर्षं. ढवळीकरांचा स्वतःचा अंदाज तर साडेपाच वर्षांचा होता. आणि ‘18 वर्षं’ कुठे कोरून ठेवलेली नाहीत. पहिल्या कृष्णराजाची कारकीर्द साधारण 756 ते 773, तिच्यावरून तो आकडा आला. त्याच्यानंतरच्या राजांनीही भर घातली असं मानणारे अभ्यासक आहेत.

यापेक्षा अवघड काम होतं लोहाराचं, आणि त्याचं नाव कोणीच घेत नाही. या कातळावर छिन्नीचं तोंड बघता बघता बसतं. ते पुन्हा तापवायचं, ठोकायचं, पाणी पाजायचं. पाणी जास्त झालं तर टोक टवका उडून तुटतं, कमी झालं तर मुडपतं. दोनशे पाथरवटांमागे भट्ट्या सतत पेटत्या हव्यात, म्हणजे कोळसाही तेवढाच. रहस्य हवंच असेल तर या पुरवठ्याच्या व्यवस्थेत शोधावं.

दगड फोडल्याचा पुरावा भिंतींवरच आहे. बाजूच्या उभ्या कड्यांवर छिन्नीचे लांब तिरके ओरखडे आहेत. लेणं पश्चिमाभिमुख आहे. दुपारी तीननंतर ऊन तिरकं आलं की ते स्पष्ट उठतात. सकाळी दहाच्या फेरीत ते दिसत नाहीत, आणि बहुतेक ‘रहस्य’ फेऱ्या सकाळीच निघतात. मुद्दाम असं म्हणत नाही, पण सोयीचं आहे खरं.

‘फोडलेला दगड गेला कुठे?’ हा मात्र त्यांचा रास्त प्रश्न. फोडल्यावर दगड फुगतो, दीडपट धरू. 45 लाख घनफूट डबर तीन फूट थराने पसरलं तर 34-35 एकर. समोरच्या उतारावर भर घालायला आणि बाराशे वर्षं गावोगावच्या बांधकामांना हे फार नाही. डोंगराएवढा ढीग शोधत बसणाऱ्याला तो सापडणार नाही, एवढंच.

खालचं शहर आणि तिथलं गुप्त मंडळ हा भाग सर्वांत रंगतो. वेरूळच्या पोटात दीक्षा देणारी मंडळी जमतात ही कल्पना 19व्या शतकातल्या इंग्रजी गूढविद्येच्या लिखाणात आढळते. आपल्या परंपरेतली ती नाही. फेरीत ‘भुयारं’ म्हणून जमिनीतले अरुंद चर दाखवतात. तीन बाजूंनी कडे असलेल्या चौकात पावसाळ्याचं पाणी साचेल, त्याला बाहेर काढायला वाट नको का?

औरंगजेबाने हजार माणसं लावून तीन वर्षं लेणं फोडायचा प्रयत्न केला, हीसुद्धा ठरलेली ओळ. त्याच्या पत्रात वेरूळचा उल्लेख ईश्वरी कारागिरीचा चमत्कार म्हणून येतो, ते कोणी सांगत नाही. त्याची कबर इथून जवळच खुलताबादला आहे.

आणि जे सांगायला हवं तेच फेरीत नाही. शके 734 च्या, म्हणजे 812-13 मधल्या राष्ट्रकूटांच्या बडोदे ताम्रपटात एलापूरच्या (म्हणजे वेरूळच्या) या देवळाचं वर्णन आहे: विमानातून जाणारे देव थक्क होतात आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसं केलं याचं नवल वाटतं. मराठीत ‘कथाकल्पतरू’त पैठणच्या कोकस शिल्प्याची कथा आहे. कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नवस. कोकसाने शिखरापासूनच सुरुवात केली, म्हणून आठवड्यात तो फिटला. वरून खाली कोरण्याची पद्धत लोकांना ठाऊक होती, त्याखेरीज ही गोष्ट सुचत नाही.

जाणाऱ्यांसाठी: वेरूळ मंगळवारी बंद (अजिंठा सोमवारी). तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्यांना 600. 15 वर्षांखालच्या मुलांना माफ. गाईड ठरवताना ओळखपत्र पाहा आणि आधीच विचारा: वर नेणार का, ओरखडे दाखवणार का, 15 नंबरमधला दंतिदुर्गाचा (कृष्णराजाच्या आधीच्या राष्ट्रकूट राजाचा) लेख दाखवणार का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच पैसे ठरवा. पावसाळ्यात वरचा कडा निसरडा असतो, काठाशी जाऊन फोटो काढू नका. आतल्या मंडपात अंधार आहे, टॉर्च न्या. वेळ उरला तर 30 नंबरचं जैन ‘छोटा कैलास’ पाहा. ते अर्धवट राहिलं आहे, त्यामुळे काम कुठल्या क्रमाने चालायचं हे तिथे मोठ्या कैलासापेक्षा लवकर कळतं. ते लांब आहे, उन्हात चालत न जाता गाडीने जा.