जळगाव-धुळ्याहून विमान पकडायचंय: आज कुठं उतरायचं, उद्या कोणत्या मार्गाची वाट बघायची?

भाचा जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा त्याच्या दोन बॅगा आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर मोजल्या. काटा तेवीस किलोच्या वर गेला की बिबडे (ज्वारीचे पापड) बाहेर, पुन्हा उघडून कळण्याचं पीठ बाहेर, आणि आईची नजर चुकली की दोन्ही परत आत. गाडीचं तिकीट झालं होतं. आई एवढंच म्हणाली, "बॅगा कोन उचली रे भाऊ?" तेव्हापासून विमानतळाला जोडणारा कुठलाही रेल्वेमार्ग मी याच मापानं तोलतो. किलोमीटर किती वाचले ते नंतर बघू. बॅग किती वेळा उचलावी लागली ते आधी.

आधी आजचं बघू. जळगाव ते सीएसएमटी सुमारे ४२० किलोमीटर. नकाशा बघणारा म्हणेल, एवढं लांब कशाला, ठाण्यालाच उतरा. फास्ट लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका, पुढं मेट्रो ३ चं एकच स्टेशन की टी-२, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल २. रविवारी दुपारी हे जमतंही. पण सकाळी आठ वाजता ठाण्याच्या फलाटावर मोठी बॅग घेऊन उभं राहून बघा. पहिली लोकल सोडता, दुसरी सोडता, तिसरीत तुम्ही चढता आणि बॅग खालीच. त्यातून निभावलं तरी घाटकोपरला जिना आहे आणि मरोळ नाक्याला पुन्हा बदल आहे.

त्यापेक्षा सरळ सीएसएमटीपर्यंत जावं. पुढं जाऊन मागं यायचं हा द्राविडी प्राणायाम वाटेल, पण गाडी तिथंच संपते, त्यामुळे उतरायची घाई नाही. विदर्भ, अमरावती या आपल्या रात्रीच्या गाड्या तिथंच जातात. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि सीएसएमटीहून टी-२ ला थेट जाता येऊ लागलं. पाऊण तास धरा. खोट एकच: मेट्रो रात्रभर चालत नाही, आणि परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची. तसं तिकीट असेल तर दिवसाची गाडी धरून संध्याकाळी पोचावं आणि विमानतळावर बसून डबा खावा.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. भुसावळहून येणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कल्याणवरून थेट पनवेलला जाते. तिथं टॅक्सी केली की झालं. एकच बदल, उत्तम. पण ती एक गाडी हुकली की ठाणे, मग ट्रान्स-हार्बर लोकल, मग उरणची लोकल धरून विमानतळाजवळचं तरघर. बॅगांचं पुन्हा तेच.

आता कागदावरचे आणि अर्धवट मार्ग. माझ्या मते खान्देशाला सगळ्यात जास्त उपयोग होईल तो मेट्रो ८ चा. मुंबई आणि नवी मुंबई हे दोन्ही विमानतळ जोडणारा हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून न्यायची योजना आहे. पवन, काशी, कुशीनगर अशा आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिथं संपतात आणि आज तिथं उतरलेला माणूस रिक्षावाल्यांच्या तावडीत सापडतो. हा मार्ग झाला तर एका मेट्रोत बसून हवं ते विमानतळ. फक्त टर्मिनसचा फलाट आणि मेट्रोचं स्टेशन यांत किती चालावं लागेल, त्यावर सगळं अवलंबून आहे.

कल्याण–तळोजा मेट्रो १२ चं कौतुक फार ऐकतो, कारण आपली जवळजवळ प्रत्येक गाडी कल्याणला थांबते. पण तळोज्याला बदल, पुढं नवी मुंबई मेट्रो, मग बेलापूरला आणखी काहीतरी. आईच्या परीक्षेत नापास.

जळगाव–मनमाड चौथी मार्गिका नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली: १६० किलोमीटर, २,७७३ कोटी. विमानतळाशी तिचा थेट संबंध नाही. पण मालगाडीला वाट देत पाचोऱ्याजवळ ताटकळलेल्या माणसाला तिचं मोल सांगावं लागत नाही. अर्थात मनमाडच्या पुढचा कसारा घाट आहे तसाच आहे.

धुळेकरांचं गणित वेगळं. सध्या सकाळची सीएसएमटी गाडी चाळीसगावचा वळसा घालून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूरवरून जाणार, खर्च १८,०३६ कोटी. तो झाला की वळसा वाचेल, शिवाय इंदूरचं विमानतळही आवाक्यात येईल. मुदत २०२८-२९ ची आहे, तेव्हा यंदाचं तिकीट त्यावर विसंबून काढू नका. नंदुरबारकरांनी मात्र सुरतवरून बोरिवली गाठावी. दहिसरकडून येणाऱ्या मेट्रो ७ ला टी-२ पर्यंत नेणारा ७अ चा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा तुकडा झाला की तो त्यांच्याच कामाचा आहे.

परवा भाच्याचा फोन आला, पुढच्या खेपेला नवी मुंबईहून तिकीट स्वस्त मिळतंय म्हणे. म्हटलं, मंगलाचं आरक्षण मिळत असेल तर काढ, नाहीतर टी-२ च बरं. आणि बिबडे या वेळी एकाच बॅगेत भर.