जमिनीच्या पातळीचा शॉवर सांगून बांधला चार इंचांचा ओटा: १,६१,५०० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे मी त्या दुकानाचे आणि माणसाचे नाव येथे लिहीत नाही. वकिलांनी तसे बजावले आहे. मात्र रकमा, तारखा आणि कामातली लबाडी यांतले काहीही मी लपवणार नाही. आईसाठी सुरक्षित बाथरूम करून देतो असे सांगून माझ्याकडून एकूण १,६१,५०० रुपये घेण्यात आले, आणि पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे बाथरूम आमच्या पदरात टाकून ती माणसे निघून गेली. मी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली, त्यांतली शेवटची नऊ वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधणारी बाई स्वतःच्या घरात अशी कशी फसली, असे नातेवाइकांनी मला तोंडावर विचारले आहे. त्यांना दिलेले उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी आई ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती याच बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून अर्धा सांधा बदलावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी निक्षून सांगितल्या: पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचे नाही, कंबरेतून ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचे नाही आणि ओल्या फरशीवर आधाराशिवाय पाऊल टाकायचे नाही. नागपुरातल्या मानेवाडा भागातले आमचे घर १९८९ सालचे आहे. बाथरूमचे दार जेमतेम २६ इंचांचे, त्याला तीन इंचांचा उंबरठा, खाली गुळगुळीत पांढरी फरशी आणि आंघोळीला बादली. आईचा वॉकर त्या दारातून आत जातच नव्हता. सतरा दिवस मी तिचे अंग खाटेवरच ओल्या फडक्याने पुसून काढत होते. तिला त्याची लाज वाटे आणि ती तोंड भिंतीकडे फिरवून घेई. मी घाई केली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे सतरा दिवस लक्षात घ्यावेत.

वृत्तपत्रातून आलेल्या पत्रकावरून मी फोन केला. वर्धा मार्गावर त्यांचे चकचकीत दुकान होते, आणि ते मी स्वतः जाऊन पाहिले होते. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑक्टोबरला, त्यांचा माणूस ‘मोफत पाहणी’साठी घरी आला. मला ‘ताई’ आणि आईला ‘आजी’ म्हणत त्याने टॅबलेटवर एक म्हातारे गृहस्थ बाथरूममध्ये पडतानाची चित्रफीत दाखवली. नुकतीच पडून उठलेल्या बाईला असे काही दाखवणारा माणूस कोणत्या हेतूने आला आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. त्यानंतर त्याने दर सांगितला: उंबरठा नसलेला, जमिनीच्या पातळीचा वॉक-इन शॉवर, न घसरणारी फरशी, १० मिलिमीटरची टफन काच, ३०४ प्रतीच्या स्टीलचे आधाराचे तीन दांडे आणि भिंतीला घडी घालता येणारी बैठक, असे सगळे मिळून २,६४,००० रुपये. त्याच दिवशी नोंदणी केल्यास १,९४,५०० रुपये. आजच्या आज ६९,५०० रुपये कमी होऊ शकतात, याचा अर्थ पहिला आकडा मुळात खोटाच असतो. पाहणीच्याच दिवशी सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला आजही क्षमा करू शकलेले नाही, त्याविषयी लिहिते. त्या माणसाकडे लेझरचे मोजमाप यंत्र होते. त्याने चारही भिंती मिलिमीटरपर्यंत मोजल्या, आकडे मोठ्याने वाचले, छायाचित्रे काढली, आणि त्या रुबाबाने मी भारावून गेले. परंतु त्याने नहाणी ट्रॅपची, म्हणजे पाणी निचरून जाते त्या तोंडाची, जाळी उचलून पाहिली नाही, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून ते कोणीकडे वाहते हेही पाहिले नाही. आईला उभे राहताना कोणता हात लागतो, ती वॉकर किती रुंद धरते, बैठकीवरून उठताना तिचा भार कोठे पडतो, यांतले एकही त्याने विचारले नाही. ज्या व्यक्तीसाठी हे सगळे बांधायचे, तिच्याकडे त्याने एकदाही नीट पाहिले नाही. आई दाराशी खुर्चीवर बसून हे सगळे पाहत होती. ती मला म्हणाली, “अवं, त्याले इचार ना, पानी कोनीकडे जाईन?” आणि मी तिला म्हणाले, “आई, त्यांना समजतं सगळं, तू शांत बस.” तो माणूस हसला आणि म्हणाला की आजी, ते सगळे ‘सिस्टीम’मध्ये आहे. आयुष्यभर विटांची घरे बांधून घेताना पाहिलेल्या, स्वतःच्या घराच्या प्रत्येक भिंतीवर पाणी मारलेल्या बाईचा प्रश्न सर्वांत योग्य होता, आणि तिला गप्प बसवणारी मी होते.

उंबरठा नसलेल्या शॉवरचा सारा प्राण ढाळात असतो. पाणी दाराकडे न येता जाळीकडे जावे म्हणून दर फुटाला साधारण पाव इंच उतार द्यावा लागतो, आणि हा उतार खाली मिळवायचा असेल तर जुनी फरशी फोडून ट्रॅप खाली घ्यावा लागतो. आमचे बाथरूम तळमजल्यावर आहे, त्यामुळे ते सहज शक्य होते. मात्र फोडकाम, मलबा आणि नव्याने वॉटरप्रूफिंग म्हणजे अधिकचे दिवस आणि खर्च. तो वाचवायचा असेल तर जुन्या फरशीवरच विटांचा ओटा बांधायचा आणि शॉवर त्याच्यावर बसवायचा. त्यांनी नेमके तेच केले. आमच्या कागदावर ‘झिरो लेव्हल’ असे छापलेले होते आणि बांधला गेला चार इंचांचा ओटा.

पैशांचा तपशील असा. नोंदणीचे ११,००० रुपये मी फोनवरून पाठवले. ‘साहित्य अग्रिम’ म्हणून १,०५,००० रुपये बँकेतून वळते केले. काच आणि दांडे आले त्या दिवशी ४२,००० रुपये रोख दिले, कारण रोख दिल्यास १८ टक्के कराचा भार पडणार नाही असे तो म्हणाला. ही माझी चूक होती, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या व्यक्तीने ती करायलाच नको होती. १,०५,००० रुपये ज्या खात्यात गेले ते दुकानाच्या नावाचे नव्हते, एका बाईच्या नावाचे होते. मी तसे विचारलेही होते. मालकाच्या पत्नीच्या नावाने व्यवसाय आहे, असे उत्तर आले, आणि असे असंख्य व्यवसाय मी नोकरीत पाहिलेले असल्यामुळे मला ते पटले. तुम्ही पटवून घेऊ नका. बिलावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

उरले ३,५०० रुपये. ज्येष्ठांच्या बाथरूमसाठी ५०,००० रुपयांचे शासकीय अनुदान मिळते आणि त्याच्या अर्जाचे शुल्क ३,५०० आहे, असे त्याने सांगितले होते. बोलताना त्याने वयोश्री योजनेचे नाव घेतले, म्हणून मला ते खरे वाटले. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना खरोखर आहे. परंतु तिच्यात ६५ वर्षांवरील आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट तिच्या बँक खात्यात मिळतात. बाथरूम बांधण्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. खऱ्या योजनेच्या नावाआड खोटे अनुदान विकणे ही या लोकांची ठरलेली पद्धत आहे.

काम चार दिवसांत ‘पूर्ण’ झाले. दुसऱ्या दिवशी विटा रचताना पाहून मी हटकले, तेव्हा फरशी बसली की पातळी आपोआप जुळेल असे मजुरांनी सांगितले. बाथरूम वापरात आणण्याआधी जाळी बंद करून निदान २४ तास पाणी भरून ठेवायचे असते, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांनी सांगितले नाही. पहिल्याच आंघोळीला पाणी दाराकडे आले आणि आईच्या खोलीत शिरले. १९ नोव्हेंबरला ओट्यावर चढण्यासाठी आईने दांडा धरला आणि तो भिंतीतून उपटून तिच्या हातात आला. मी मागे उभी होते म्हणून ती माझ्या अंगावर पडली. कोपराला खरचटण्यावर निभावले. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

शेजारचे निवृत्त अभियंता काका पाहायला आले, तेव्हा बाकीचे उघडकीस आले. माणसाचा पूर्ण भार तोलायचा तो दांडा इंचभर स्क्रूवर आणि त्यासाठी भिंतीत ठोकलेल्या प्लास्टिकच्या खुंटीवर, म्हणजे गिट्टीवर, टांगलेला होता. गिट्टी टाईल आणि प्लास्टर यांच्या पलीकडे विटेपर्यंत पोहोचलीच नव्हती. काचेच्या कोपऱ्यात कोणतीही कोरलेली खूण नव्हती. टफन काचेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक कायमचा उमटवलेला असतो, कागदी चिकटपट्टी नव्हे. अशी काच फुटली तर तिचे बोथट लहान तुकडे होतात. साध्या काचेचे सुऱ्यासारखे पाते होते, आणि तसले पाते आम्ही खुबा मोडलेल्या बाईच्या शेजारी उभे केले होते. ‘न घसरणारी’ फरशी केवळ खरखरीत दिसणारी मॅट टाईल निघाली. न घसरणाऱ्या टाईलच्या खोक्यावर सहसा आर ९ ते आर १३ यांपैकी घसरण-श्रेणी छापलेली असते. आकडा जितका मोठा, तितकी पकड अधिक. खोके मागून घ्या आणि स्वतः वाचा.

त्यानंतर त्या माणसाने फोन उचलणे बंद केले. २६ नोव्हेंबरला मी दुकानात गेले, तर शटरवर भाड्याने देण्याची पाटी लागली होती. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा प्रथम नीट वाचला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक नोंदणीची सुरुवात २७ या आकड्याने होते. याची तशी नव्हती. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तर नोंदणी रद्द झालेल्या एका कापड व्यापाऱ्याचे नाव आले. हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत. मी ती दोन मिनिटे २८ ऑक्टोबरला दिली नाहीत.

फसवणाऱ्याचा राग येतोच, परंतु त्यानंतर ज्यांनी मला झिडकारले त्यांचा राग त्याहून कमी नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बसवून ठेवल्यानंतर मला सांगण्यात आले की काम तर झाले आहे, वस्तूही मिळाल्या आहेत, मग फसवणूक कसली. हा दिवाणी वाद आहे. खोटा कर क्रमांक, खोटे अनुदान आणि बंद दुकान यांत दिवाणी काय आहे, असे मी विचारले आणि भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला, तेव्हा “बाई, आम्हाला कलमं शिकवू नका” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला घरात कोणी पुरुषमाणूस नाही का, त्यांना पाठवा, असे सांगितले गेले. रोख घेताना, पैसे वळते करून घेताना कोणालाही माझ्या घरातला पुरुषमाणूस आठवला नव्हता. तिसऱ्या खेपेस डिसेंबरचा दुसरा आठवडा होता, आणि सगळे अधिवेशनाच्या बंदोबस्तात आहेत, ते संपल्यावर या, असे ठाणे अंमलदारांनी सुनावले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, हे मान्य; म्हणून तितके दिवस नागपूरकरांच्या तक्रारी थांबून राहाव्यात काय? शेवटी मी अर्ज नोंदणीकृत टपालाने वरिष्ठांकडे पाठवला. पोच आली आहे, त्यापुढे काही नाही. मी ज्या बँकेत पेन्शन घेते तिने, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले, असे दोन ओळींत कळवून हात झटकले.

ग्राहक आयोगाची वाट मला उशिरा समजली, म्हणून ती येथे स्पष्ट लिहिते. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू किंवा सेवेसाठी आपण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पैसे ऑनलाइन नुकतेच गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. मी आठवडे घालवले, तसे घालवू नये. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. परंतु ती नोटीस मिळायला हवी ना! आमची ‘पत्त्यावर राहत नाहीत’ अशा शेऱ्यासह दोनदा परत आली. दुकान भाड्याचे आहे की मालकीचे, आणि माणूस राहतो कोठे, हे सही करण्याआधी विचारायचे असते.

जानेवारीत काकांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडून सगळे फोडून पुन्हा केले. नऊ दिवस लागले आणि ८८,४०० रुपये खर्च आला. ट्रॅप खाली घेतला, दार ३४ इंचांचे केले, उंबरठा काढला, ४८ तास पाणी भरून ठेवले. दांडे जमिनीपासून ३४ इंचांवर आहेत आणि विटेत खोलवर रासायनिक अँकरने, म्हणजे चिकटद्रव्यात घट्ट रोवलेल्या बोल्टने, बसवले आहेत. आईने हात लावण्याआधी मिस्त्री स्वतः त्यांना लोंबकळले. बैठक १८ इंचांवर आहे आणि हातात धरायचा शॉवर बसून पोहोचेल अशा जागी आहे. काच लावलीच नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्याला काचेची गरजच नसते, जाड पडदा पुरतो. महाग काच ही दुकानदाराची गरज असते. मिस्त्री पहिल्या दिवशी आले तेव्हा पट्टी काढण्यापूर्वी त्यांनी बादलीभर पाणी मागितले, फरशीवर ओतले आणि उकिडवे बसून ते कोणीकडे जाते हे पाहत राहिले. आई खुर्चीवरून पाहत होती. ती काही बोलली नाही, माझ्याकडे फक्त एकदा पाहिले.

ती काढलेली काच मागच्या व्हरांड्यात दोन जुन्या गोधड्यांत गुंडाळून उभी केली आहे. तपासणीचा आदेश होईपर्यंत ती फुटता कामा नये, असे वकिलांनी सांगितले आहे, म्हणून शेजारची मुले तिकडे खेळायला गेली की मी उठून दार लावून घेते.