चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी : अ‍ॅक्युपंक्चरच्या दहा सिटिंगचा अनुभव

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची साथ पसरली, तेव्हा मीही तिच्यात सापडले. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे धरलेलेच राहिले. सकाळी मूठ वळत नसे, ओले फडके पिळता येत नसे आणि अंथरुणातून उठल्यावर पहिली पावले भिंतीच्या आधारानेच टाकावी लागत. तीन महिने उलटूनही दुखणे हटेना, तेव्हा संधिवाततज्ज्ञांची औषधे चालू ठेवूनच मी कोथरूडमधील एका अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यात दहा सिटिंग घेतल्या.

महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे उपचार करणाऱ्या बाईंची नोंदणी मी आधी पाहून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीची आजारपणे यांची बारकाईने चौकशी केली. प्रत्येक वेळी सुयांचे नवे पाकीट माझ्यासमोर फोडले जाई, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

एक सुई अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, एक गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, आणि काही मनगट व घोट्याभोवती टोचल्या जात. टोचताना फारसे दुखत नाही. पण सुई किंचित फिरवली की आत खोलवर जड, बोथट कळ उठते आणि ती हळूहळू पसरते. नंतर आपल्या दवण्याच्याच कुळातील एका वनस्पतीच्या वाळक्या पानांची धुमसती कांडी घोट्याजवळ धरून शेक देत. त्या धुराचा उग्र वास घरी येईपर्यंत कपड्यांना राही.

चौथ्या सिटिंगनंतर कित्येक आठवड्यांनी मला सलग झोप लागली आणि सातव्यापर्यंत मूठ पूर्ण वळू लागली. घोट्यांची सूज मात्र तसूभरही उतरली नाही. अनेकांचे हे दुखणे काही महिन्यांत आपोआपही ओसरते, शिवाय माझी औषधे चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय सुयांना देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जुनाट दुखण्यावरील चाचण्यांमध्ये उपचार न घेणाऱ्यांपेक्षा अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांना अधिक आराम पडलेला दिसतो. खोट्या सुयांशी, म्हणजे नुसते टोचल्यासारखे भासवणाऱ्या उपचाराशी, तुलना केली की तो फरक बराच कमी होतो.

दोन गोष्टी खटकल्या. दहा सिटिंगचे सात हजार रुपये आगाऊ भरावे लागले, आणि पाचव्या वेळी तेथील सहायकाने डॉक्टरांच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही आणि बाईंच्या कानावर घातला. त्यांनी तत्काळ चूक कबूल केली. पण एखाद्या थकलेल्या रुग्णाने तो ऐकला असता तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

घोट्यांसाठी मी आता फिजिओथेरपी सुरू केली आहे. हातांची कळ पुन्हा उठली, तर याच दवाखान्यात चार सिटिंग घेईन आणि पैसेही चारचेच भरेन.