वाफ्याभोवतीचे काँक्रीट कर्ब: एक पावसाळा काढल्यावर

ऐरोलीतल्या रो-हाउसच्या वाफ्याला हे तयार कर्ब, म्हणजे कडेचे काँक्रीटचे ठोकळे, फेब्रुवारीत बसवले. आता ऑक्टोबर. अख्खा पावसाळा अंगावर घेऊन झालाय, म्हणजे बोलायला हरकत नाही.

वाफा १२ बाय ४ फूट, घेर ३२ फूट. नग १ फूट लांब, ८ इंच उंच, अडीच इंच जाड. ३५ मागवा, टेम्पोतून उतरवताना एकदोनांचे कोपरे उडतातच. सिमेंटची एक गोणी पुरते.

चर ६ इंच खोल, तेवढाच रुंद. तळाची माती धुमसने ठोकून घट्ट, वर ३ इंच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट; सिमेंट, वाळू, खडी १:४:८), मग दोरी धरून नग रबरी हातोड्याने ठोकायचे. ५ इंच वर दिसतात. बाहेरून पायथ्याशी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा तिरपा आधार हवाच, कारण भिजलेली माती आतून ढकलते. सात दिवस पाणी मारायचं.

जुलैत गटाराकडच्या कोपऱ्यातले दोन नग अर्धा इंच बसले आणि मधला सांधा उघडला. नग चांगलेच होते. तिथे आधी पाइपसाठी खणलेलं, भराव पोकळ, आणि पीसीसी थेट त्यावर ओतलेलं. नग काढून जुना मसाला छिन्नीने खरवडला, ९ इंच खणून मुरूम दोन थरांत पाणी मारून ठोकला, नवं पीसीसी ओतलं. तेव्हापासून हललेले नाहीत.

दुसरी चूक महागात पडली असती. गवंड्याने सगळे सांधे मसाल्याने गच्च भरले. दिसायला देखणं, पण पाणी आत तुंबलं आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. मग दर तीन फुटांवर, बाहेरच्या फरशीच्या पातळीला, सांधा फोडून २० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला. उतार बाहेरच्या बाजूला. आतल्या तोंडाशी शेडनेटचा तुकडा आणि ओंजळभर खडी. नुसता पाइप ठेवला तर दोन सरींत चिखलाने बुजतो.

रंगाबाबत मात्र निराशा. विटकरी रंग वरवरचा निघाला, ऑगस्टपर्यंत पापुद्रे. घेताना नगाच्या पाठीवर किल्लीने ओरखडा काढून बघा. आतही तोच रंग हवा. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडावा, शेवाळाला काथ्याचा ब्रश पुरतो. अ‍ॅसिड नको, ते सिमेंटच खातं.

माती माथ्यापासून दीड इंच खाली ठेवा. काठोकाठ भरली की पहिल्याच जोरदार सरीत लाल पाणी शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये.