केसांच्या तपासणीवरून मांजराची ॲलर्जी ओळखणारे सल्लागार: आमचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या घरी चिमी नावाची पाच वर्षांची मांजरी आहे. गेल्या जुलैमध्ये तिला खाज सुटू लागली. पोटावरचे आणि मांड्यांच्या आतील बाजूचे केस तिने चाटून चाटून काढून टाकले आणि मानेवर बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या धरल्या. तिला स्टिरॉइड द्यावे लागू नये, अशी माझी इच्छा होती. ती गैर नव्हती, कारण दीर्घकाळ स्टिरॉइड दिल्यास मांजरांना मधुमेह होण्याचा धोका वाढतो. परंतु याच इच्छेचा पुढे फायदा घेतला गेला.

ओळखीतून एका ‘नैसर्गिक उपचार सल्लागारां’चा नंबर मिळाला. ते घरी आले, चिमीला हातही न लावता म्हणाले, “ताई, ही ॲलर्जी आतली आहे, आपण मुळापासून घालवू,” आणि माझ्याकडूनच तिचे चिमूटभर केस कापून घेऊन पाकिटात घालून गेले. तपासणीचे २,८०० रुपये झाले. आठवड्याने सात पानांचा रंगीत अहवाल आला, ज्यात कोंबडी, मासे आणि अंडी लाल रंगात, तर तांदूळ, भोपळा, मुगाची डाळ आणि दही हिरव्या रंगात होते. त्यानुसार आहार, एक चूर्ण आणि अंगाला चोळायचे तेल असा तीन महिन्यांचा कोर्स ११,५०० रुपयांना ठरला. पैसे यूपीआयने दिले. पावती मात्र कोर्स संपल्यावर मिळेल असे सांगण्यात आले.

चिमीने भाताला तोंड लावले नाही. तेल लावल्यावर तिच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि मागचे पाय थरथरू लागले. मी घाबरून फोटो पाठवले, तेव्हा उत्तर आले की शरीरातील विष बाहेर पडत आहे, पहिले पंधरा दिवस त्रास वाढतोच, आणि मध्येच थांबवलेत तर आजार आत दबेल. हे उत्तर मी इथे मुद्दाम पूर्ण देत आहे, कारण माझी खरी फसवणूक अहवालाने नव्हे, तर याच वाक्याने केली. मांजर बरे झाले तर औषधाचा गुण आणि खालावले तरी औषधाचाच गुण, अशी त्याची रचना होती. जे मला डोळ्यांना दिसत होते, त्यावर विश्वास ठेवण्याची सोयच त्याने ठेवली नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “अगं, चार दिवस झाले, तिच्या पोटात काही नाही,” आणि त्यांनी पिंजरा माझ्यासमोर आणून ठेवला.

पशुवैद्यक डॉक्टरांनी शेपटीच्या बुंध्याशी बारीक दातांची फणी फिरवली. काळे कण निघाले; ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवताच भोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजेच पचलेले रक्त. चिमीला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी होती. ती घराबाहेर जात नाही, म्हणून पिसवांची शंकाच मला आली नव्हती. पण पिसवा माणसांच्या कपड्यांवरूनही घरात येतात आणि मांजर त्या चाटून गिळत असल्याने अंगावर सहसा दिसत नाहीत.

आहाराबद्दल डॉक्टरांनी जे समजावले, ते प्रत्येक मांजरपालकाला ठाऊक असायला हवे. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे; त्याला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य वनस्पतींतून मिळत नाही आणि त्याच्या दीर्घ कमतरतेने हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात. मांजर काही दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साठून कावीळ होऊ शकते, आणि चिमी त्याच वाटेवर होती. तेलाला टी ट्री आणि निलगिरीचा वास होता. अशा तेलांतील द्रव्ये निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता तोकडी असते, शिवाय अंगाला लावलेले सारे ते चाटते. अन्नाची ॲलर्जी केसांवरून कळत नाही. त्यासाठी पूर्वी कधीही न खाल्लेला एकच मांसप्रकार किंवा त्यासाठीचे खास खाद्य किमान आठ आठवडे काटेकोरपणे द्यावे लागते आणि नंतर जुने अन्न देऊन खाज परतते का, हे पाहावे लागते.

चिमी पाच दिवस सलाइनवर होती. पिसवांचे औषध तीन महिने चालले, कारण कोशातील पिसवा आठवडेच्या आठवडे दबा धरून राहतात. हे औषध मांजरांसाठीचेच घ्यावे. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते.

ती सावरल्यावर मी तिचे एकाच दिवशी, एकाच जागचे केस कापून दोन पाकिटांत घातले आणि हडपसर व औंध येथील दोन नातलगांमार्फत, दोन वेगळ्या मांजरांच्या नावाने त्याच सल्लागारांकडे पाठवले. एका अहवालात कोंबडी लाल होती, दुसऱ्यात हिरवी. तांदळाचे नेमके उलट. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करणाऱ्याची नोंदणी असावी लागते. मी त्यांचा नोंदणी क्रमांक मागितला, त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

तिन्ही अहवाल, यूपीआयच्या नोंदी आणि ‘विष बाहेर पडत आहे’ हा संदेश जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. तेलाची उरलेली बाटली मी तशीच जपून ठेवली आहे.