जिप्सम बोर्ड कुठल्या खोलीला कुठला? दोन पावसाळे काढल्यावर लिहितेय

बेळगावच्या वडगावात आमचं घर जुनं, खाली दगडी भिंती आणि वर नंतर चढवलेला एक मोठा हॉल. त्या हॉलमध्ये पोराला अभ्यासाची खोली, सासूबाईंना बेडरूम, छोटं किचन आणि न्हाणी काढायची होती. खालच्या भिंतींवर आता अजून विटांचा बोजा टाकू नका असं इंजिनियरनं स्पष्ट सांगितलं, म्हणून जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाड कागद लावलेल्या जिप्समच्या हलक्या पाट्यांच्या, भिंती घेतल्या. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे) चॅनेल उभे करून दोन्ही अंगाला साडेबारा एमएमचा बोर्ड, साडेचार इंची विटेच्या भिंतीच्या मानानं वजन जवळजवळ दहावा हिस्सा.

माल उद्यमबागेकडच्या एका दुकानातून घेतला. दुकानदारानं रंग दाखवले, पांढरट कागदाचा साधा, हिरवा ओलीसाठी, गुलाबी आगीसाठी, आणि करड्या रंगाचा सिमेंट बोर्ड. मी म्हटलं मला प्रत्येकाचा तुकडा द्या, त्यांनी लगेच कापून दिले, हे मला लई आवडलं. घरी आणून साधा, हिरवा आणि सिमेंटचा असे तीन तुकडे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी साध्याचा कागद सुटलेला आणि आतला जिप्सम बोटानं दाबला की खड्डा पडत होता. हिरवा बराच टिकला, पण त्याच्या कापलेल्या कडा मऊ झाल्या होत्या. सिमेंटचा तुकडा पाणी पिऊन जड झाला, पण होता तसा घट्ट.

त्या बादलीमुळं न्हाणीचा निर्णय झाला. खानापूरला बहिणीच्या घरी ठेकेदारानं न्हाणीत हिरवा बोर्ड लावून त्यावर थेट टाइल बसवली, "वॉटरप्रूफ हाय अक्का" म्हणून. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंत वाळायला वेळच मिळत नाही, एका पावसाळ्यात खालच्या टाइल पोकळ वाजायला लागल्या, काढून बघितलं तर मागचा कागद बुरशीनं काळा पडलेला. बिचारीचा सगळा खर्च दुसऱ्यांदा झाला, मला अजून त्याचा राग येतो. हिरवा बोर्ड दमट हवेसाठी आहे, अंगावर पाणी पडायच्या जागेसाठी न्हवे. आम्ही आंघोळीच्या बाजूला सिमेंट बोर्ड घातला, जॉइंटला फायबरची जाळीपट्टी, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि मग टाइल. बोर्ड फरशीला टेकवला नाही, खाली अर्धा इंच फट सोडून ती सीलंटनं, म्हणजे फटी बुजवायच्या रबरासारख्या लुकणानं, भरली. मिस्त्री म्हणत होता काय गरज नाही वहिनी, पण मी उभी राहून करून घेतलं. दोन पावसाळे झाले, एकही टाइल पोकळ नाही. न्हाणीच्या बाहेरचा कोपरा, बेसिनची भिंत आणि किचनला मात्र हिरवा घातलाय, तिथं तो एकदम बरोबर बसतो.

किचनमध्ये एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. कपाट कुठं टांगणार ते बोर्ड लावायच्या आधी सांगावं लागतं, कारण नुसत्या बोर्डात स्क्रू मारून डब्यांनी भरलेलं कपाट टिकत नाही. आमच्याकडं तेवढ्या भागात बोर्डाच्या मागं चॅनेलला प्लायवूड मारून घेतलंय. गुलाबी बोर्ड फक्त किचन आणि जिन्याच्या मधल्या भिंतीला घेतला. जिप्सममध्येच वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकं पाणी बांधलेलं असतं, आग लागली की ते वाफ होऊन निघत राहतं आणि तोवर भिंत तापायला उशीर होतो, गुलाबीत वरनं काचेचे धागे असतात म्हणून तो लवकर तडकून पडत नाही. बाहेर पडायचा रस्ता एकच असेल तर तिथं कंजुषी करू नका.

आता पोराची खोली. मागच्या अंगाला पॉवरलूम, मागाची खटखट कशी असते ते वडगाव-खासबागच्या माणसांना सांगायला नको, आणि त्यात बारावीचा अभ्यास. विटेच्या भिंतीपासून थोडी फट ठेवून वेगळी फ्रेम उभी केली, आत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलं आणि साधाच बोर्ड दोन थर लावला, वरच्या थराचा जॉइंट खालच्या जॉइंटवर येऊ दिला नाही. कडेच्या सगळ्या फटी सीलंटनं बंद, कारण बोटभर फट राहिली तरी आवाज तिथनं येतो. खटखट पूर्ण गेली नाही. पण आधी शेजारी बसल्यासारखी वाटायची ती आता लांबनं येते, पोरगा दार लावून वाचत बसतो. पायाला जाणवणारी थरथर तशीच आहे, ती स्लॅबमधनं येते. खिडकीला दुहेरी काच घालायला हवी होती, ते पैसे उरले नाहीत.

सासूबाईंच्या खोलीला साधा बोर्ड, तिथं दुसरं काय लागत नाही. सीलिंग मात्र घाईनं करू नका, गच्चीची गळती आधी काढा, एक पावसाळा बघा आणि मगच करा, कुठल्याबी रंगाचा बोर्ड वरनं गळणाऱ्या स्लॅबखाली पिवळा पडतोच.

दुकानाला पाचपैकी चार. एक कमी कारण जुलैत माल आणताना टेम्पोवर ताडपत्री नव्हती, वरचे दोन बोर्ड भिजून आले. फोन केल्यावर दोन दिवसांनी बदलून दिले, वाद घातला नाही. तुम्ही घ्यायला गेलात तर जिप्सम बोर्डाच्या मागं आयएस २०९५, म्हणजे त्याचा भारतीय मानक क्रमांक, छापलाय का बघून घ्या, आणि घरी आणल्यावर भिंतीला तिरके उभे करू नका, वाकतात, खाली लाकडी पट्ट्या टाकून आडवे ठेवा.